उजनीच्या मासळीसाठी शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, अर्थात एमएससी, या १९९७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या नावात समुद्र असला तरी तिचे शाश्वत मासेमारीचे मानक गोड्या पाण्यातील मासेमारीलाही लागू होते. स्वीडनमधील येल्मारेन सरोवरातील मासेमारीला २००६ मध्ये, तर केरळच्या निमखाऱ्या पाण्याच्या अष्टमुडी सरोवरातील शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये हे प्रमाणपत्र मिळाले. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यात उजनी जलाशयावर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थांनीही त्याची प्रक्रिया समजून घेणे उपयोगाचे आहे.

अर्ज मच्छीमार संस्था, संस्थांचा संघ किंवा शासकीय विभाग यांपैकी कोणालाही करता येतो. मात्र प्रमाणपत्र संपूर्ण जलाशयाला न मिळता ठरावीक जातीच्या माशाच्या, ठरावीक साधनाने होणाऱ्या मासेमारीला मिळते. पिंजऱ्यात खाद्य घालून वाढवलेली मासळी या मानकात बसत नाही. बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडून वाढवलेल्या कटला-रोहूचा नैसर्गिक साठ्याशी काय संबंध आहे, हे तपासले जाते आणि चिलापी (तिलापिया) मुळात परदेशी असल्याने तिलाही वेगळ्या अटी लागू होतात. म्हणून कोणत्या माशासाठी अर्ज करायचा, हे आधी ठरवावे. विष किंवा स्फोटके वापरून केलेली मासेमारी सरळ अपात्र ठरते; आपल्याकडे ती १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे.

संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, अर्ज करण्याचा ठराव, सभासदांची व होड्यांची यादी, मासेमारीचा परवाना किंवा ठेक्याचा करार आणि जाळ्याच्या आसाबाबतचे (छिद्राच्या आकाराबाबतचे) व बंदी काळाचे नियम ही कागदपत्रे बहुतेक संस्थांच्या कपाटात सापडतील. खरी अडचण पकडीच्या नोंदींची असते. लिलावाच्या काट्यावर ‘चिलापी, ४० किलो’ एवढेच लिहिले जाते. ती कोणत्या आसाच्या जाळ्यात, किती तासांत, कुठे आणि किती लांबीची मिळाली, हे त्या ओळीतून कळत नाही, आणि परीक्षकाला नेमके तेच हवे असते. अशी नोंदवही आजच सुरू करावी. माहिती अपुरी असल्यास जोखमीवर आधारित मूल्यमापनाची सोय आहे, पण कोऱ्या वहीला तिचाही फारसा आधार मिळत नाही.

मूल्यमापन एमएससी स्वतः करत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त स्वतंत्र संस्था नेमावी लागते व तिचे शुल्क अर्जदार भरतो. आधी पूर्वमूल्यमापन करून घ्यावे, कारण त्रुटी तेथेच उघड होतात आणि मोठा खर्च वाचतो. पूर्ण मूल्यमापनाची जाहीर सूचना निघते, पथक प्रत्यक्ष पाहणी करते व इतर संबंधितांचेही म्हणणे ऐकते. माशांच्या साठ्याची स्थिती, परिसंस्थेवरील परिणाम आणि व्यवस्थापन या तीन तत्त्वांखालील प्रत्येक निर्देशकाला किमान ६० आणि प्रत्येक तत्त्वाला सरासरी ८० गुण आवश्यक असतात. ८० पेक्षा कमी गुण मिळालेल्या निर्देशकांसाठी सुधारणेच्या अटी घातल्या जातात. प्रमाणपत्र ५ वर्षांसाठी असते व दरवर्षी तपासणी होते.

साठ्याचा विचार संपूर्ण पाण्याचा होतो, एका संस्थेच्या होड्यांपुरता नाही. तुमचे सभासद मोठ्या आसाची जाळी वापरत असतील, पण त्याच पाण्यात इतर कोणी वडाप या बारीक आसाच्या ओढजाळ्याने बोटभर मासळी ओढत असेल, तर त्याचा हिशेब तुमच्याही गुणांत येतो. म्हणून एकट्या संस्थेपेक्षा करमाळा, माढा आणि पलीकडच्या इंदापूरच्या संस्थांनी एकत्र अर्ज करणे मला अधिक व्यवहार्य वाटते. प्रमाणित मासळी त्या नावाने विकायची असल्यास काठावरून पुढे ती विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही ती इतर मालात मिसळत नसल्याचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते.