दुरुस्तीनेच जेव्हा दगड फुटतो: वारसा-जतनाच्या नियमांची पार्श्वभूमी

अथेन्समधल्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचे संगमरवरी दगड गाऱ्याशिवाय, नुसते घासूनपुसून एकमेकांवर बसवलेले आहेत. ते सरकू नयेत म्हणून प्राचीन कारागिरांनी लोखंडी आकडे घातले आणि प्रत्येक आकड्याभोवती वितळलेले शिसे ओतले. शिशामुळे लोखंडाला पाणी लागत नाही. शिवाय ते मऊ असल्याने हादराही पचवते. १८९८ पासून अभियंते निकोलाओस बालानोस यांनी इथे मोठा जीर्णोद्धार केला. त्यांनीही लोखंडच वापरले, पण शिशाचे वेष्टण गाळले. गंज चढला की लोखंड फुगते, आणि त्या दाबाने संगमरवर आतून तडकू लागला. १९७५ मध्ये ॲक्रोपोलिससाठी, म्हणजे पार्थेनॉन ज्या टेकडीवर आहे तिच्यासाठी, समिती नेमली गेली. तिच्या वाट्याला आलेल्या कामाचा मोठा भाग म्हणजे हीच दुरुस्ती उकलणे. आता आकडे टायटॅनियमचे असतात आणि ते दगडापेक्षा मुद्दाम कमजोर ठेवतात. ताण आलाच तर आकडा वाकावा, दगड शाबूत राहावा.

जतनाचे आजचे बहुतेक नियम अशाच फसलेल्या दुरुस्त्यांमधून आले आहेत.

एकोणिसाव्या शतकातला वाद मुख्यतः रूपाचा होता. फ्रान्समध्ये वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक इमारतीला तिचे ‘पूर्ण’ रूप देऊ पाहत, मग ते पूर्वी कधी असो वा नसो. इंग्लंडमध्ये चर्चच्या भिंतींचा जुना गिलावा खरवडून दगड उघडे करण्याची टूम निघाली होती. तिच्याविरुद्ध लेखक व कारागीर विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये संस्थाच काढली. मूळचे खरवडू नका, रोजची डागडुजी करा, हा तिचा आग्रह. गळके छप्पर वेळेवर शाकारले तर जीर्णोद्धाराची वेळच येत नाही, हे तेव्हाही खरे होते.

खरे नुकसान मात्र सामग्रीने केले. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ चे. १९३१ मध्ये अथेन्सला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने स्मारकांच्या बळकटीसाठी आधुनिक तंत्राला, विशेषतः प्रबलित (आत लोखंडी सळ्या घातलेल्या) काँक्रीटला, संमती दिली. पुढच्या दशकांत जुन्या दरजांमध्ये, म्हणजे दगड-विटांमधल्या सांध्यांत, सिमेंट गेले, छतांवर काँक्रीटचे थर चढले.

चुन्याच्या भिंतीला सिमेंट का सोसत नाही? जुनी भिंत ओल घेते आणि दरजांवाटे ती बाहेर टाकते. दरज सिमेंटची झाली की ही वाट बंद. मग ओल दगडातून किंवा विटेतून बाहेर पडते, सोबतचे क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होतात, लोणा धरतो आणि पोपडे सुटतात. दरज जशीच्या तशी उभी आणि दगड मात्र खोल झिजलेला, असे दृश्य दिसले की निदान झालेच. शिवाय सिमेंट ताठ असते. भिंत ऊन-थंडीत हलते तेव्हा चीर दरजेत न पडता दगडात पडते.

म्हणून दरजा पुन्हा चुन्यात भरायच्या. जुना माल हातोडी-छिन्नीने, दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोलीपर्यंत काढायचा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा गेल्याच. चुनकळी पाण्यात विरवून मुरवलेला चुना एक भाग आणि वेगवेगळ्या जाडीची धारदार, धुतलेली वाळू साधारण तीन भाग. दरज आधी भिजवायची, नाहीतर दगड मालातले पाणी शोषतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो आणि त्यासाठी ओलावा लागतो. ओले गोणपाट टांगून तो टिकवला नाही तर उन्हात माल वाळतो, घट्ट होत नाही. नखाने खरवडला तरी भुकटी पडते. बरीच कामे इथेच बिघडतात आणि दोष चुन्याला लागतो.

दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावरून विसाव्या शतकातले दहा लाख किलोंहून अधिक काँक्रीट उतरवावे लागले, यावरून या चुकीच्या वजनाची कल्पना येते.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे स्मारकांच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनी, सूर बदलला. पारंपरिक पद्धत अपुरी पडली तरच आधुनिक तंत्र, तेही अनुभवाने सिद्ध झालेले. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबतो. नवा भाग एकूण रूपाशी जुळावा, पण जुन्याहून वेगळा ओळखू यावा.

बागेला ही सनद पुरेना, कारण झाडे वाढतात आणि मरतात. पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेतली झाडी १७७४-७५ च्या सुमारास नव्याने लावली होती. डिसेंबर १९९९ च्या वादळात तिथली सुमारे दहा हजार झाडे पडली. १९८१ च्या फ्लोरेन्स सनदेने बागेला जिवंत स्मारक मानले आणि झाडे ठरावीक काळाने बदलणे हा जतनाचाच भाग धरला. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टची राजबाग उत्खननात सापडलेल्या वाफ्यांच्या खुणांवरून १७०२ च्या आराखड्यावर आणली आणि १९९५ मध्ये खुली केली. त्यासाठी भलतेच माजलेले जुने वृक्ष काढावे लागले. त्यावर वाद झाला, पण ते ठेवले असते तर आराखडा झाकलेलाच राहिला असता.

पाण्याचे काम त्याहून नाजूक. हुमायूनच्या बागेतले पाट पुन्हा वाहते करताना उतार ठेवला चाळीस मीटरला एक सेंटिमीटर. एवढा उतार डोळ्यांना दिसत नाही. एखादी फरशी काही मिलिमीटर वर राहिली तरी पाणी तिच्यामागे तुंबते आणि शेवाळ धरते.