आठही दिवे पेटले, तरी केबल नापास

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन-तीनशे रुपयांत लॅन केबलचा, म्हणजे कॉम्प्युटर-राउटर जोडणाऱ्या केबलचा, टेस्टर मिळतो. एका टोकाला टेस्टर, दुसऱ्या टोकाला छोटा रिमोट, १ ते ८ दिवे ओळीने पेटले की काम फत्ते. घरच्या वायफायपुरतं हे ठीक आहे. पण केबल टाकण्यावरच ज्याचं पोट आहे, त्याने एवढ्यावर विसंबू नये.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या. जोडीतल्या दोन तारांवरून एकच सिग्नल उलटसुलट जातो आणि पलीकडचं यंत्र त्या दोघींतला फरक वाचतं. शेजारच्या जोडीतून किंवा लिफ्टच्या वायरिंगमधून आलेला गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो आणि फरक काढताना वजा होतो. सगळी करामत त्या पिळाची.

रंग लावायच्या नेहमीच्या ‘बी’ क्रमात हिरवी जोडी ३ आणि ६ नंबरच्या पिनांवर जाते, निळी मधल्या ४ आणि ५ वर. नवखा मुलगा क्रिम्पिंग करताना, म्हणजे तारा प्लगमध्ये दाबून बसवताना, रंग सरळ जोडीजोडीने लावतो: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच. आठही दिवे बरोबर पेटतात, कारण प्रत्येक पिन समोरच्या त्याच पिनला पोचलेली असते. पण ३ आणि ६ वरचा सिग्नल आता एका हिरव्या आणि एका निळ्या तारेतून चाललाय, आणि त्या दोघी एकमेकींना पिळलेल्याच नाहीत. गोंगाट वजा होत नाही. हीच स्प्लिट पेअर. नेट कधी चालतं, कधी अडखळतं, आणि शिव्या राउटर खातो. म्हणून जो टेस्टर स्प्लिट पेअर पकडत नाही तो कामासाठी घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

तार तुटली आहे एवढं कळून भागत नाही, कुठे तुटली ते हवं. परळच्या ऑफिसात अख्खं फॉल्स सीलिंग कोण उघडणार? चांगला टेस्टर तारेत विजेचा ठोका सोडतो आणि तुटलेल्या जागेवरून तो परत यायला लागलेला वेळ मोजतो. सिग्नल प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने धावतो, म्हणजे एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंटिमीटर. ३०० नॅनोसेकंदांनी परत आला तर जाऊन-येऊन ६० मीटर. बिघाड ३० मीटरवर. हा वेग केबलगणिक थोडा बदलतो, त्यामुळे तो सेट करण्याची सोय आहे का ते विचारा.

सीसीटीव्हीची कामं करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. कॅमेऱ्यांना वीजही याच केबलमधून, ५० व्होल्टच्या आसपास, जाते. चालू पोर्टला लावलेला स्वस्त टेस्टर जळू शकतो. दुसरं म्हणजे तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजता येतो का. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बाजारात सर्रास खपते. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते. तिचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्याला वीज कमी पडते.

कॅट-६ दर्जाची लॅन केबल २५० मेगाहर्ट्झपर्यंत तपासून प्रमाणपत्र देणारी यंत्रं लाखांत जातात. गिऱ्हाइकाने तसा अहवाल मागितला तर यंत्र भाड्याने आणा, पण कॅलिब्रेशनची, म्हणजे यंत्राची मापं बरोबर आहेत हे तपासल्याची, तारीख बघून.

खरेदीला जाताना पाच-सहा मीटरची, मुद्दाम जोड्या चुकवून क्रिम्प केलेली केबल सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. टेस्टरने ती पास केली, तर तो तिथेच ठेवून पुढचा मागा.