‘बायांचं काम हलकं, म्हणून रोज कमी’ हे खरं आहे का?

जळगाव-धुळ्याकडे शेतात हा हिशेब सर्रास ऐकू येतो: गड्याला जास्त रोज, बाईला कमी, कारण तिचं काम हलकं. कायदाही तसाच आहे, असं अनेकांना वाटतं. तो तसा नाही.

सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुषांना एकच मजुरी द्यायची, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यानं ठरवलं होतं. तीच तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आली आहे. आणि बरोबरी करायची म्हणून गड्याचा रोज कापता येत नाही. बाईचाच वाढवावा लागतो. रोजगार हमीच्या कामावरही बाईमाणसाचा वेगळा दर नसतो.

आता ‘हलकं’ काम बघा. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधलेली, ती भरेल तसा भार वाढतो. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात आणि पाठ दिवसभर वाकलेली. गंमत म्हणजे वेचणी किलोवर असली की दर सगळ्यांना एकच, काट्याला बाई-पुरुष कळत नाही. निंदणीला रोजंदारी लागली, की लगेच काम हलकं होतं!

फवारणी आणि निंदणी ही कामं वेगळी, दर वेगळे असू शकतात, हे मान्य. पण निंदणी बायांनीच करायची हे गावानं ठरवायचं आणि मग तिचाच भाव पाडायचा, ही पळवाट आहे. एकाच वाफ्यात दोघं खुरपं चालवत असतील, तर तीही उरत नाही.