‘ट्रकच्या धडकेत सायकलस्वार ठार’: मथळ्यातला चालक कुठे गेला?

ट्रकच्या धडकेत सायकलस्वार ठार. चार शब्दांचा मथळा. त्यात ट्रक आहे, सायकलस्वार आहे, चालक नाही. तो आत मजकुरात येतो, तोही बहुधा माहिती पुरवणारा म्हणून: ‘सायकलस्वार अचानक समोर आल्याचे चालकाने सांगितले.’ हा केवळ बातमीदाराचा आळस नव्हे. गेल्या सव्वाशे वर्षांत बातमीला पहिली माहिती कोण पुरवतो ते बदलत गेले आणि त्याबरोबर वाक्याचा कर्ताही बदलला.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस परिसरात ब्रिजेट ड्रिस्कॉल या पादचारी महिलेचा मोटारीखाली मृत्यू झाला. चौकशीतल्या ज्यूरीने निर्णय दिला, ‘अपघाती मृत्यू’. म्हणजे अधिकृत भाषा पहिल्यापासूनच चालकाला सांभाळून घेणारी होती. वृत्तपत्रांचे मात्र तसे नव्हते. १९२० च्या आसपासची अमेरिकी वृत्तपत्रे पाहिली तर मोटार म्हणजे घुसखोर आणि चालक म्हणजे मारेकरी, असाच सूर दिसतो. व्यंगचित्रांत साक्षात मृत्यूच स्टिअरिंगवर बसलेला असे.

१९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२ हजार नागरिकांनी एका मागणीवर सह्या केल्या: प्रत्येक मोटारीला वेग ताशी २५ मैलांवर, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरवर, रोखणारे यंत्र बसवा. मोटार विक्रेत्यांनी जंगी प्रचार करून मतदानात हा प्रस्ताव पाडला, पण उद्योगाने धसका घेतला तो घेतलाच. वाहन उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने मग वृत्तपत्रांसाठी फुकट सेवा सुरू केली. बातमीदाराने घटनेचा जुजबी तपशील पाठवायचा. तिकडून छापायला तयार बातमी येणार. पीटर नॉर्टन या इतिहासकाराने हा व्यवहार उलगडून दाखवला आहे. तयार बातमीत चूक बहुतेक वेळा पायी चालणाऱ्याची निघे. ‘जेवॉकर’, म्हणजे शहरात चालायची रीत न कळणारा गावंढळ, ही शिवी याच काळात रुळली आणि पुढे कायद्याच्या भाषेत जाऊन बसली.

सायकलस्वारांची लढाई जरा निराळी होती. इंग्लंडमध्ये १९२०-३० च्या दशकांत सायकलस्वारांच्या संघटनेने सायकलला मागे लाल दिवा सक्तीचा करायला कडाडून विरोध केला. आज हे हेकट वाटेल. त्यांचा मुद्दा असा, की समोर जेवढे दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल अशाच वेगाने गाडी हाकणे हे मागून येणाऱ्याचे काम. दिवा सक्तीचा झाला की उद्या ‘दिवा नव्हता’ एवढे म्हटले की चालक सुटला. दिव्याच्या उपयोगाबद्दल ते चुकले असतील, बातम्यांबद्दल चुकले नाहीत. आज त्या जागी ‘हेल्मेट घातले नव्हते’ हे वाक्य आहे. युरोपीय मानक ईएन १०७८ नुसार सायकलच्या हेल्मेटची सपाट पृष्ठभागावरची चाचणी सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने होते, म्हणजे ताशी साधारण साडेएकोणीस किलोमीटर. छातीवरून ट्रकचे चाक गेलेल्या माणसाच्या बातमीत हेल्मेटचा उल्लेख वैद्यकीयदृष्ट्या निरर्थक आहे. दोष मात्र तो चोख हलवतो.

पुढे पहिली माहिती पोलिसांच्या टिपणातून येऊ लागली, आणि खरी मेख इथे आहे. घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांत हातात काय असते? वाहनाचा प्रकार, जागा, वेळ, मृताचे वय, हेल्मेट होते की नाही, आणि चालकाचा जबाब. वेग, ब्रेक कधी दाबला, फोन चालू होता का, हे तपासून यायला आठवडे जातात. मेलेला जबाब देत नाही. त्यामुळे ‘उन्हाची तिरीप डोळ्यांवर आल्याने’ हा चालकाचा दावा दोन वेळा उतरवला गेला की ‘चालकाने सांगितले’ गळते आणि ते कारण ठरते. ऊन डोळ्यांवर आले तर वेग कमी करा, गरज पडल्यास थांबा, असे ब्रिटनच्या हायवे कोडचा ९३ वा नियम सांगतो. बातमीत ते येत नाही.

‘सायकलस्वार ट्रकच्या मागील चाकाखाली आला’ हे वाक्य घ्या. असे मृत्यू पुष्कळदा वळणावर होतात. ट्रक सरळ जाणाऱ्या सायकलच्या पुढे जातो आणि तिच्या बाजूला वळतो. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, वळणाच्या आत कापत येतात. सायकलस्वार आपल्या रेषेत असतो. आडवा येतो तो ट्रक. वाक्यात मात्र ‘येण्याचे’ काम सायकलस्वार करतो.

मराठी बातमीच्या स्वतःच्याही खोडी आहेत. ‘ट्रक-सायकलची टक्कर’ म्हटले की दहा टनांचे धूड आणि पंधरा किलोंची सायकल बरोबरीला येतात. ‘नियंत्रण सुटल्याने’ यात नियंत्रण आपणहून सुटते. ‘काळाचा घाला’ तर सगळी जबाबदारी थेट वर पाठवतो. उलट ‘भरधाव ट्रकने चिरडले’ हे कठोर वाटते, पण भरधाव आहे तो ट्रकच, आणि वेग कुणी मोजलेला नसतो. म्हणजे आरोपही झाला आणि माणूसही सुटला. ‘ट्रकचालकाने मागून धडक दिली, सायकलस्वाराचा मृत्यू’ या वाक्यात, धडक मागून बसली हे निश्चित असेल तर, न तपासलेले काहीच नाही. चालकाला कर्ता केले म्हणजे दोषी ठरवले, ही बदनामीच्या खटल्याची धास्ती अनाठायी आहे. गाडी तो चालवत होता, एवढेच ते वाक्य म्हणते. ‘बेदरकारपणे’ लिहिले की मग मात्र गुन्हा दाखल झाल्याचा आधार हवा.

उलटे उदाहरण नेदरलँड्सचे. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यात ४०० हून अधिक मुले. डे टाइड या दैनिकाचे पत्रकार विक लांगेनहॉफ यांची मुलगी त्यांतली एक. १९७२ मध्ये त्यांनी लेख लिहिला, त्याचा मथळाच ‘बालहत्या थांबवा’. त्याच नावाने चळवळ उभी राहिली. अपघात नव्हे, हत्या. अतिशयोक्ती होती, आणि ती जाणूनबुजून होती.

इंग्रजी जगात बदल सावकाश आला. २००१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाने ‘अ‍ॅक्सिडेंट’ शब्दावर बंदी घातली. अशा इजा बहुतांशी टाळता येतात आणि त्यांचा अंदाजही करता येतो, हे कारण. २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने सांगितले की निष्काळजीपणाचा आरोप असेल वा तो सिद्ध झाला असेल तर हा शब्द टाळावा, कारण तो दोषमुक्ती दिल्यासारखा वाचला जातो. २०१९ मध्ये तारा गोडार्ड, केल्सी राल्फ आणि सहकाऱ्यांनी ९९९ जणांना एकाच घटनेच्या तीन बातम्या वाटून दिल्या. पादचारी केंद्रस्थानी होता तेव्हा दोष त्याच्याकडे झुकला, चालक कर्ता झाला तेव्हा चालकाकडे. तिसऱ्या बातमीत त्या रस्त्याची रचना आणि आधीच्या घटनाही होत्या. ती वाचणारे रस्ता सुधारण्याच्या उपायांकडे अधिक वळले.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी-मोटारीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला ठार केले, तेव्हा हे सगळे दुवे पुन्हा एका ओळीत आले. पोलीसप्रमुखांचे पहिले मत असे, की ती अंधारातून अचानक पुढे आली, कंपनीचा दोष दिसत नाही. मथळे त्यावरच बेतले गेले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा तपास सांगतो, की मोटारीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती, आणि चालकाच्या जागी बसलेल्या व्यक्तीचे लक्ष फोनवर होते. क्रॉसिंगबाहेर रस्ता ओलांडणे हेही कारणांत नोंदवले आहे, पण खाली. आणि क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल हे त्या सॉफ्टवेअरमध्ये गृहीतच धरलेले नव्हते. शंभर वर्षांपूर्वीचा ‘जेवॉकर’ असा थेट यंत्राच्या आज्ञावलीत पोचला होता.

ब्रिटनमध्ये २०२१ साली वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या अ‍ॅक्टिव्ह ट्रॅव्हल अकॅडमीने पत्रकारांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. वाहनाऐवजी चालक म्हणा, तपास होईपर्यंत ‘अपघात’ म्हणू नका, असा त्यांचा रोख. त्या ऐच्छिक आहेत. न्यूजडेस्कवर त्या पाळताना अडचण शब्दांची कमी आणि वेळेची जास्त येते: पहिली बातमी टिपण आल्यावर अर्ध्या तासात जाते, आरोपपत्राची बातमी अनेकदा होतच नाही, आणि झाली तरी ती पहिल्या बातमीला जोडली जात नाही. शोधणाऱ्याला वर्षभरानंतरही पहिलीच सापडते, ‘अचानक समोर आला’ या वाक्यासकट.