सिंक वेगळं, बॅकअप वेगळा: नवा मोबाईल घ्यायच्या आधी एवढं वाचा

कापसाचे पैसे हातात आले की आमच्या यवतमाळ भागात मोबाईल बदलायचा हंगाम सुरू होतो. दारव्हा घ्या, आर्णी घ्या, दिग्रस घ्या, मोबाईलच्या दुकानात तेव्हा एकच बोलणं कानावर पडतं. गिऱ्हाईक विचारते, "भाऊ, जुन्यातलं सारं नव्यात येईन ना?" काउंटरवरचा पोरगा सांगतो, "जीमेल टाका काकाजी, सारं आपोआप येते." घरी येऊन बघावं तर नंबर सगळे आलेले, फोटो बरेचसे आलेले, पण व्हॉट्सॲप कोरं. कॉल रेकॉर्डिंग नाही, आणि डाउनलोडमध्ये ठेवलेली बँकेची पीडीएफही नाही. पोरगा खोटं बोललेला नसतो. जे आलं ते सिंकमुळे आलं. जे आलं नाही त्याचा बॅकअप काढलेला नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दोघांनाही कोणी कधी समजावून सांगितलेलं नसतं, म्हणून हा खटाटोप.

सिंक म्हणजे एकच गोष्ट दोन-तीन ठिकाणी सतत सारखी ठेवणं. मोबाईलमध्ये कोणाचा नंबर बदलला की गुगलच्या खात्यातही बदलतो आणि घरच्या टॅबवरही बदलतो. एका जागी पुसला की सगळीकडून पुसला जातो. बॅकअप म्हणजे आजच्या तारखेची प्रत काढून बाजूला ठेवणं. पुढे मोबाईलमध्ये काहीही उलथापालथ झाली तरी त्या प्रतीला धक्का लागत नाही. सोयाबीनचं घरचं बियाणं आपण वेगळ्या पोत्यात राखतो आणि भाव कितीही चढला तरी त्याला हात लावत नाही, बॅकअप तसाच राखायचा असतो.

सिंक आपल्याला मोबाईल हरवण्यापासून वाचवतं. आपल्याच बोटापासून वाचवत नाही. आणि माझ्या बघण्यात तरी गावात मोबाईलमधलं जे जातं, त्यातलं बरंचसं चोरीनं जात नाही, बोटानं जातं. लहान पोट्टे खेळता खेळता उडवतात, किंवा 'स्टोरेज फुल' अशी सूचना आली की घाईघाईत कोणीतरी जुनं ते साफ करून टाकतं.

ओळखायची खूण सोपी आहे. इथं पुसलं तर तिथं राहते का, एवढंच विचारायचं. राहत असेल तर बॅकअप, नसेल तर सिंक.

ही खूण गुगल फोटोजला लावून बघा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. त्यात बॅकअप चालू करा आणि वावरातल्या एखाद्या पानाचा फोटो काढा. तो वर चढला की त्याच खात्यानं घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर बघा, फोटो दिसेल. आता आपल्या मोबाईलवर त्याच ॲपमधून तो डिलीट करा आणि दुसरीकडे पुन्हा बघा. तिथूनही गेलेला असतो. बटणावर नाव बॅकअपचं आहे, पण पुसण्याच्या बाबतीत त्याची चाल सिंकची आहे. वर चढलेला फोटो बिनमध्ये, म्हणजे ॲपच्या कचरापेटीत, 60 दिवस राहतो, न चढलेला 30 दिवस, आणि त्यानंतर कायमचा जातो. त्याच ॲपमध्ये जागा मोकळी करायचा वेगळा पर्याय दिलेला आहे. तो वापरला तर फोटो फक्त मोबाईलमधून निघतात, खात्यात शाबूत राहतात. दोन्हीनं मोबाईलमधली जागा सारखीच मोकळी होते, म्हणून माणसाला ते एकच वाटतात. परिणामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. जागा मोकळी केल्यावरही एक लक्षात ठेवावं, की आता त्या फोटोची आपल्याकडे एकच प्रत उरली, तीही खात्यात.

60 दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. आपल्या कामाला ते पुरत नाहीत. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्याखाली गेलं, पीक विम्यासाठी नुकसानीचे फोटो काढून ठेवले. दिवाळीत घरातल्या कोणी मोबाईल हलका करायला जुने फोटो उडवले. विम्याची रक्कम कमी आली म्हणून तक्रार करायची वेळ येते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर बिन कधीचाच रिकामा झालेला असतो. डिलीट दाबल्यावर 'हा फोटो तुमच्या सगळ्या मोबाईलमधून आणि खात्यातून जाईल' हे ठळक मराठीत, मोठ्या अक्षरात दिसलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे खोक्यावर छापायला जेवढी जागा मिळते, तेवढी या एका वाक्याला मिळायला हवी.

खेड्यात यात आणखी एक मेख आहे. फोटो वर चढवायला ही ॲप मुळात वायफायची वाट बघतात, मोबाईल डेटा वापरायची परवानगी आपण वेगळी द्यावी लागते. पुण्या-मुंबईत हे ठीक आहे. आमच्याकडे बहुतेक घरांत वायफाय नाही, सगळं रिचार्जवर चालतं. म्हणजे बॅकअप चालू दिसतो आणि फोटो महिनोन् महिने वायफायची वाट बघत तिथेच बसलेले असतात. आजच गुगल फोटोज उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा आणि किती फोटो चढायचे बाकी आहेत ते वाचा. बाकी दिसत असतील तर सेटिंगमध्ये मोबाईल डेटा वापरायला परवानगी द्या. रात्री दिवसाचा डेटा शिल्लक असेल तेव्हा ते काम होऊन जातं.

जागेचाही प्रश्न येतो. गुगलचे 15 जीबी फुकट मिळतात, पण त्या जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत. फोटो अमर्याद फुकट ठेवायची सोय 1 जून 2021 पासून बंद झाली. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही 2024 पासून याच 15 जीबीत मोजला जाऊ लागला. ही जागा भरली की नवे फोटो चढणं थांबतं, आणि त्याहून वाईट म्हणजे जीमेलवर नवी मेल येणंही थांबतं. ज्या घरात बारावीचं पोर आहे आणि प्रवेशाच्या मेल वडिलांच्या जीमेलवर येतात, त्या घरानं हे आधी तपासावं. 'गुड मॉर्निंग'च्या व्हिडिओंनी भरलेल्या खात्यात प्रवेशाची मेल अडकून चालणार नाही.

आता व्हॉट्सॲप. इथं दोन्ही गोष्टी एकाच ॲपमध्ये शेजारी-शेजारी आहेत. लिंक्ड डिव्हाइस करून कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या मोबाईलवर जे व्हॉट्सॲप उघडतं, ते सिंक. चार ठिकाणी जोडता येतं, पण चार ठिकाणी दिसतं म्हणून ते सुरक्षित आहे असं समजू नये. चॅट बॅकअप हा खरा बॅकअप, त्यातही दोन प्रकार. एक मोबाईलच्या आतच रोज रात्री 2 च्या सुमारास आपोआप बनतो. तो त्याच मोबाईलमध्ये असल्यामुळे मोबाईल विहिरीत पडला तर तोही विहिरीतच. दुसरा गुगल खात्यात जातो, रोज, आठवड्यानं किंवा महिन्यानं, जसं आपण ठरवू तसं. त्यात व्हिडिओ येत नाहीत, आपण वेगळं टिक केल्याशिवाय. आणि खात्यात शेवटचाच बॅकअप राहतो. नवा आला की जुन्यावर चढतो, म्हणून मागच्या वर्षीची एखादी पुसलेली चॅट त्यात शोधायला जाऊ नये.

नव्या मोबाईलमध्ये व्हॉट्सॲप टाकताना तोच नंबर आणि तेच गुगल खातं असेल तर ते जुनं परत आणू का म्हणून विचारतं. तिथं घाईनं 'नंतर बघू' करू नका. दुकानात गर्दी असते, पोराला पुढचं गिऱ्हाईक दिसत असतं, आणि त्याच्या हातून ती पायरी हमखास ओलांडली जाते. व्हॉट्सॲप घरी आल्यावर निवांत चालू करावं, हा माझा आग्रह आहे. ऑक्टोबर 2021 पासून बॅकअपला वेगळा पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली लावायचीही सोय आहे. चांगली सोय आहे, पण पासवर्ड विसरला तर कंपनीलाही तो बॅकअप उघडता येत नाही. लावायचा असेल तर वहीत लिहून घरच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा, मोबाईलमध्ये नाही.

नंबरांच्या बाबतीत मी सिंकच्या बाजूनं आहे, अगदी डोळे झाकून. कृषी केंद्रवाला, ट्रॅक्टरवाला, वायरमन, सोयरे-धायरे, हे सगळे बदलते नंबर आहेत आणि ते सगळीकडे सारखे असलेले बरे. फक्त नवा नंबर सिममध्ये किंवा मोबाईलमध्ये सेव्ह होतो की गुगल खात्यात, एवढं एकदा बघून घ्या, कारण गुगल सिंक होतं ते खात्यातलंच. चुकून पुसले तर गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये 30 दिवसांच्या आत मागची स्थिती परत आणता येते. कॉम्प्युटरवर वनड्राइव्हचीही चाल अशीच आहे, फुकट जागा 5 जीबी आणि फोल्डरमधून पुसलं की खात्यातूनही पुसलं.

प्रत्येक गोष्टीचा बॅकअप ठेवायचाही अट्टाहास नको. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत पुन्हा निघतो. आधार, लायसन्स, मार्कशीट सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये मूळ कार्यालयाकडूनच येतात, ती आपल्या मोबाईलमधून गेली तरी काही अडत नाही. बॅकअप लागतो तो जगात दुसरीकडे कुठेच नाही अशा गोष्टींना. माझी वहिनी गावातल्या बचत गटाची सचिव आहे. महिन्याची बैठक झाली की रजिस्टरच्या पानांचे फोटो काढते. त्याच मोबाईलमध्ये तिनं आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. मोटारीचा पाइप बघायला वाकली आणि मोबाईल खिशातून थेट विहिरीत. नव्या मोबाईलमध्ये नंबर आले, रजिस्टरचे फोटो आले. ओव्या येणार नव्हत्याच, कारण गुगल फोटोज फोटो आणि व्हिडिओ घेतं, नुसता आवाज घेत नाही. पण वहिनीकडे पेनड्राइव्ह होता. पोळ्याच्या सुटीत भाच्यानं रेकॉर्डिंगचा अख्खा फोल्डर त्यात टाकून दिला होता. आजी आता नाही. आवाज आहे.

म्हणून नवा मोबाईल घेताना कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासच्या जोडीनं दोन तोंडांचा पेनड्राइव्ह घ्याच असं मी सांगतो. एका बाजूला टाइप सी, दुसऱ्या बाजूला साधं यूएसबी. काही शे रुपयांचा असतो, दर महिन्याला भाडं नाही, नेटवर्क लागत नाही, लाइट नसली तरी चालतो. मोबाईलला लावायचा, फाइल्स ॲप उघडायचं, डीसीआयएम (DCIM) नावाच्या फोल्डरमधला कॅमेरा फोल्डर बोटानं दाबून धरायचा, कॉपी करायचा आणि पेनड्राइव्हमध्ये पेस्ट करायचा. कॉपीच करायचा. 'मूव्ह' केलं तर मोबाईलमधून निघून पेनड्राइव्हमध्ये जातं आणि प्रत पुन्हा एकच राहते. रेकॉर्डिंग, डाउनलोड आणि व्हॉट्सॲपचे फोल्डरही असेच घ्या. लग्नाचा 4 जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसेल तर पेनड्राइव्ह एफएटी 32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो. आत काही ठेवायच्या आधीच तो एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करून घ्या, कारण फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं. काम झालं की इजेक्ट करा आणि दुसऱ्याच्या मोबाईलला लावून चार-दोन फाइल उघडून बघा. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

मोबाईलमधलं मेमरी कार्ड हा बॅकअप नव्हे. मोबाईलसोबत हरवतं, मोबाईलसोबत भिजतं. पेनड्राइव्हही कायमचा टिकत नाही, म्हणून दोन ठेवा, एक घरी आणि एक भावाकडे किंवा बहिणीच्या सासरी, आणि वर्षातून एकदा ताजा करा. जगभर 31 मार्चला बॅकअप दिन पाळतात. आपल्याकडे पीककर्जाच्या मार्चअखेरीमुळे ती तारीख तशीही सगळ्यांच्या ध्यानात असते, कागदपत्रं काढलेलीच असतात, त्याच दिवशी हेही उरकावं.

घरातलं माणूस गेलं असेल तर त्याचं खातं मात्र मार्चपर्यंत थांबवून ठेवू नका. दोन वर्षं कोणी लॉगिन केलं नाही तर गुगल ते खातं फोटोंसकट काढून टाकू शकतं, हा नियम डिसेंबर 2023 पासून अमलात आला आहे. वडिलांच्या, आजोबांच्या जुन्या मोबाईलमध्ये खातं अजून उघडं असेल तर तो चार्जिंगला लावा आणि सगळ्यात आधी त्यातले फोटो पेनड्राइव्हमध्ये उतरवून घ्या.