बेस कंट्रोलरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये किती कोंबायचं?

ब्राउझरकडून आलेली विनंती वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये एखाद्या कंट्रोलरच्या हाती पडते. काम कोणाकडून करून घ्यायचं आणि उत्तर काय धाडायचं, हे तो ठरवतो. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी माहिती, तिचं दर्शन आणि नियंत्रण वेगळं ठेवणारी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची कल्पना १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मांडली, तेव्हा वेबचा जन्मही झाला नव्हता.

कंट्रोलरला डेटाबेस लागतो, नोंदी ठेवणारा लॉगर लागतो, लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची माहिती लागते. हे सगळं त्यानं स्वतःच तयार केलं, तर तो त्यांच्याशी जखडला जातो. चाचणीपुरता खोटा डेटाबेस देणंही अवघड होऊन बसतं. म्हणून त्यानं आपल्या गरजा कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे तो तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये, फक्त जाहीर करायच्या; पुरवठा कंटेनर, म्हणजे अशा वस्तू तयार करून देणारा फ्रेमवर्कचा भाग, करतो. याला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या २००४ मधल्या लेखानं हे नाव रुळलं.

गोची होते ती बेस क्लास, म्हणजे सगळे कंट्रोलर ज्याचा वारसा घेतात तो सामाईक क्लास, आल्यावर. लॉगर आणि वापरकर्ता सगळ्यांनाच लागतात ना, मग कोणीतरी 'बेसकंट्रोलर' लिहितं आणि दोन्ही त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये घालतं. आता 'ऑर्डरकंट्रोलर'ला खरी गरज फक्त ऑर्डरसर्व्हिसची, पण त्याला मागाव्या लागतात तीन गोष्टी. त्यातल्या दोन नुसत्या वर, बेसकंट्रोलरकडे, पोचवायच्या! पुढे बेसमध्ये कॅशची (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या साठ्याची) भर पडली, की असे चाळीस कंट्रोलर असतील तर चाळीसही कन्स्ट्रक्टर बदला.

या कटकटीवर एक पळवाट हमखास काढली जाते: बेस क्लासनं हवी ती वस्तू थेट कंटेनरकडून उचलायची. एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कमध्ये चालू विनंतीच्या 'रिक्वेस्टसर्व्हिसेस'मधून ती एका ओळीत मिळते. कन्स्ट्रक्टर छान रिकामे दिसतात, पण गरजा कमी झालेल्या नसतात, दडलेल्या असतात. एखादी सर्व्हिस कंटेनरमध्ये नोंदवायची राहिली, तर एरवी कंट्रोलर तयार होतानाच एरर आली असती. आता ती नेमकी ती ओळ चालेल तेव्हा येते. चाचणी लिहिणाऱ्याला काय काय पुरवायचं हे कंपायलरही सांगत नाही. मला हा सौदा महागाचा वाटतो.

त्यापेक्षा बेस क्लास नेमकं करतो काय, ते पाहावं. बहुतेकदा लॉगिंग, परवानगीची तपासणी, चुकांचं उत्तरात रूपांतर. ही कामं विनंतीच्या वाटेवरची आहेत, त्यांची जागा मिडलवेअर किंवा फिल्टरमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या आधी-नंतर चालणाऱ्या कोडमध्ये. आणि फिल्टरलाही कंटेनर हव्या त्या वस्तू पुरवू शकतो. दोन-तीन वस्तू कायम जोडीनंच लागत असतील, तर त्यांचा एक क्लास करून तेवढाच वर पाठवता येतो. मग कॅश वाढली तरी कन्स्ट्रक्टर बदलत नाहीत. फक्त त्या क्लासचं गाठोडं होऊ देऊ नये, आणि ते फार पटकन होतं. बेसमध्ये उरतात त्या बाहेरचं काहीच न लागणाऱ्या, उत्तराला ठरावीक साचा देणाऱ्या छोट्या मेथड. त्यांना कन्स्ट्रक्टरमध्ये काही मागावंच लागत नाही.