खुनाच्या खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा झाली असेल तर उच्च न्यायालयात अपील कसे करावे? पात्रता, मुदत, कागदपत्रे आणि नाकारलेला कबुलीजबाब

सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली की घरच्यांना वाटते, आता सगळे संपले. तसे नसते. पहिले अपील हा आरोपीचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. मात्र या अपिलात नवे साक्षीदार सहसा तपासले जात नाहीत. खालच्या न्यायालयात जे कागदावर आले, त्यावरूनच उच्च न्यायालय सगळा पुरावा पुन्हा तपासते. कुणी डोळ्यांनी पाहिलेले नाही (म्हणजे पुरावा परिस्थितीजन्य आहे) आणि आरोपी म्हणतो कबुली मारहाण करून घेतली, अशा प्रकरणात तर निकाल त्या कागदांवरच फिरतो. म्हणून कागद पूर्ण आणि वेळेत हातात येणे फार महत्त्वाचे आहे.

अपील कोण करू शकतो?

सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेली कोणतीही व्यक्ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ खाली उच्च न्यायालयात अपील करू शकते. फाशीची शिक्षा असेल तर आरोपीने अपील केले नाही तरी कलम ४०७ प्रमाणे शिक्षा कायम करण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे जातेच. तरीही स्वतंत्र अपील अवश्य करावे. आरोपी निर्दोष सुटला असेल तर मृताच्या कुटुंबालाही कलम ४१३ खाली अपिलाचा अधिकार आहे. त्यांचे दुःखही तेवढेच खरे असते आणि हा मार्ग त्यांना अनेकदा कुणी सांगतच नाही.

महाराष्ट्रात जिल्ह्याप्रमाणे मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे अपील दाखल होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच म्हणजे उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले आहे.

मुदत

जन्मठेप किंवा अन्य शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवस, फाशीविरुद्ध ३० दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला जितके दिवस लागतात, ते यातून वगळले जातात. उशीर झालाच तर मुदत कायदा, १९६३ च्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज जोडावा आणि त्यात उशिराचे खरे कारण लिहावे. माणूस तुरुंगात होता, पैसे नव्हते, वकील सोडून गेला, अशी कारणे न्यायालय ऐकून घेते. घरी बसून राहिलात तर मात्र कुणी विचारायला येणार नाही.

पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळतो; तिथे उत्पन्नाची अट लागत नाही. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांनाही हा हक्क आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे करता येतो. हेल्पलाइन क्रमांक १५१००. कैदी स्वतः तुरुंग अधिकाऱ्याच्या हातात अपील देऊ शकतो आणि ते न्यायालयाकडे पाठवणे त्या अधिकाऱ्याचे काम आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४२४). याला सगळे जेल अपील म्हणतात. खासगी वकील लावायचा असेल तर वकीलपत्रावर कैद्याची सही तुरुंगातच होते आणि तुरुंग अधिकारी ती साक्षांकित करतात.

कोणते कागद लागतात?

अपिलासोबत निकालपत्राची प्रत लागते. शिक्षा झालेल्याला ही प्रत निकालानंतर लगेच मोफत मिळाली पाहिजे. मिळाली नसेल तर लेखी मागा. बाकीची नक्कल सत्र न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून काढायची. खटल्याचे पूर्ण रेकॉर्ड उच्च न्यायालय मागवून घेते, पण तोवर थांबू नका. दोषारोपपत्र, सर्व साक्षीदारांच्या जबान्या उलटतपासणीसह, घटनास्थळ पंचनामा, अटक पंचनामा, निवेदन (आरोपीने दिलेल्या माहितीचा) आणि जप्ती पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषकांचा अहवाल म्हणजे सीए रिपोर्ट, आरोपीच्या वैद्यकीय तपासणीचे कागद, रिमांडचे म्हणजे कोठडीचे आदेश, आरोपीचे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खालचे म्हणणे आणि रोजनामा म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाची नोंद, हे सगळे वकिलाला आधीच द्या. रिमांडच्या कागदांकडे फारसे कुणी बघत नाही. मारहाणीची पहिली तक्रार कधी केली, हे मात्र बहुतेक वेळा तिथेच सापडते.

कबुलीजबाब कसा वाचायचा?

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम २३ तसे सांगते. याला एकच अपवाद आहे: आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. जुन्या खटल्याच्या कागदांत हेच १८७२ च्या कायद्याचे कलम २७ म्हणून दिसेल. समजा निवेदन पंचनाम्यात लिहिले आहे, ‘मी कुऱ्हाडीने त्याला मारले आणि कुऱ्हाड विहिरीजवळच्या झुडपात लपवली, ती काढून देतो.’ यातले ‘झुडपात लपवली, काढून देतो’ एवढेच चालते. ‘मारले’ हा शब्द पुरावा नाही. ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात हे स्पष्ट केले आणि आजही तोच नियम आहे.

त्या पंचनाम्यावर मग प्रश्न विचारा. ती जागा सगळ्यांना उघडी होती का? वस्तू तिथे आहे हे पोलिसांना आधीच ठाऊक होते का? पंच कोण, आणि न्यायालयात ते फितूर झाले का? लाखेचे सील जागेवरच लावले का, मुद्देमाल प्रयोगशाळेत किती दिवसांनी गेला, तोवर कुठे होता? सीए रिपोर्टमध्ये नुसते ‘मानवी रक्त’ आहे की ते मृताचे असल्याचे सिद्ध झाले आहे? सील आणि तारखांचा हिशेब जुळत नसेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच करावा, असे माझे ठाम मत आहे.

कबुली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे झाली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८३ पाहावे. कबुली देणे बंधनकारक नाही आणि दिली तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, हे आरोपीला आधी सांगावेच लागते. कबुली द्यायला त्याने नकार दिला तर त्याला पोलीस कोठडीत परत पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सरवन सिंग प्रकरणात विचार करायला साधारण किमान २४ तास द्यावेत असे म्हटले. तेव्हा वेळ किती दिला, त्या वेळात आरोपी कुणाच्या ताब्यात होता, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी नुसता छापील नमुना भरला की खरोखर विचारपूस केली, हे बघा.

नंतर नाकारलेली कबुली आपोआप रद्द होत नाही. ती स्वेच्छेची आणि खरी वाटली तर शिक्षेला आधार होऊ शकते. पण विवेकाचा नियम म्हणून न्यायालये तिला दुसऱ्या पुराव्याची जोड मागतात. शेजारी किंवा नातेवाइकापुढे दिल्याचे सांगितलेली कबुली तर आणखी कच्ची. त्याच माणसाजवळ मन मोकळे करायला आरोपीला काय कारण होते, हा प्रश्न अपिलात यायलाच हवा.

परिस्थितीची साखळी

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९८४ चा निकाल वकिलाच्या हाताशी असतोच. पुण्यातले हे प्रकरण. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालयाने दिलेली फाशी रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. त्यातल्या कसोट्या अशा: प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी, ती फक्त दोषाकडेच बोट दाखवणारी आणि निर्णायक हवी, दुसरी प्रत्येक शक्यता संपलेली हवी आणि साखळीत फट नको. आरोपीचा बचाव खोटा ठरला म्हणून सरकारी पक्षाची फट बुजत नाही. याच निकालात आणखी एक मोलाची गोष्ट आहे: जी परिस्थिती आरोपीला त्याचे म्हणणे नोंदवताना विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. म्हणून कलम ३५१ चे प्रश्न आणि निकालपत्र शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहा. मोबाइलचे कॉल रेकॉर्ड किंवा सीसीटीव्हीचा आधार घेतला असेल तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडले आहे का, तेही तपासा.

अपिलासोबत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० खाली शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज करता येतो. जन्मठेपेत सरकारी वकिलांना लेखी हरकतीची संधी दिली जाते आणि खुनाच्या प्रकरणात हा जामीन सहजासहजी मिळत नाही. पहिला अर्ज फेटाळला म्हणजे अपील हरले असे नाही, हे तुरुंगात भेटायला जाल तेव्हा आपल्या माणसाला नीट समजावून सांगा.

उच्च न्यायालयातही शिक्षा कायम राहिली तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते; जन्मठेपेच्या प्रकरणात मुदत ९० दिवस. तिथेही स्वतंत्र विधी सेवा समिती मोफत वकील देते. अर्जासोबत दोन्ही न्यायालयांचे निकाल आणि तुरुंगाचे कोठडी प्रमाणपत्र जोडावे.